डांबराखालचं गोपुर

डांबर तापल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. रस्त्याचं काम चालू असलं तर मी लांबचा वळसा घालून जातो. घरचे हसतात. हसू देत.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपता संपता माझी बदली मद्रासला झाली, बंदराकडच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर. तिथली मालाची शेड गोऱ्या साहेबाच्या काळातली, बर्मा सागाच्या खांबांवर उभी होती. मी तिथला मुख्य मालबाबू. हाताखाली पोती मोजून नोंद ठेवणारे एक म्हातारे टॅलीबाबू होते, तंजावरकडचे मराठी. त्या शहरात अशा माणसाला सगळे नुसतं 'राव' म्हणतात, तसं मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "तुमची मराठी छापल्यासारखी हे." त्यांची मराठी मला जुन्या पोथीतली वाटे, फक्त तमिळ हेल काढून वाचलेली.

खांब त्यांनीच मला दाखवले. प्रत्येक खांबावर, छातीच्या उंचीला, गेरू आणि काजळ तेलात खलून काढलेलं एक चित्र होतं. मदुरेच्या मालाला गोपुर, वेल्लोरला किल्ला, कोइमतूरला कापसाचं बोंड, नागपट्टणला मासा. हमालांना अक्षर येत नसे. पोती चुकीच्या डब्यात चढत आणि शिव्या मात्र हमाल खात. म्हणून रावांच्या वडिलांनी, जे त्याच शेडमध्ये टॅलीबाबू होते, ही चित्रं काढली. मुकादम नुसता "मासा!" म्हणून ओरडे आणि पाठीवरचं पोतं बरोबर जागी जाई. मी आलो तेव्हाही काम तसंच चाले.

अंबत्तूरकडे कारखाने उभे राहू लागले, माल वाढला, आणि वरून हुकूम आला की जुनी शेड पाडून सिमेंटची बांधायची. माझा संताप झाला. बाजूला एवढी मोकळी जागा पडलेली असताना धडधाकट शेड पाडायची, कारण कुणाला तरी कागदावर रेघ सरळ हवी होती! मी पत्रावर पत्र लिहिलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: वरिष्ठ साहेब स्वतः येतील, चित्रं पाहतील, ती तुम्ही म्हणता तशी असतील तर जुनी शेड पार्सलांसाठी राखू.

रावांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. ते एवढंच म्हणाले, "अप्पांची चित्रं राहतील ना हो?"

"राहतील," मी म्हणालो. "माझा शब्द."

आता रेल्वेत साहेब येणार म्हटलं की काय होतं, ते रेल्वेवाल्यालाच विचारा. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना चुना, उभं राहिलात तर तुम्हालाही चुना. लाकडी खांबांना छातीपर्यंत डांबर, वर चुना; आमच्या शेडमधली चित्रं तेवढी राव दर वेळी स्वतः उभे राहून वाचवत. आदल्या दिवशी मी नोटीस काढली: "उद्या तपासणी. नेहमीप्रमाणे तयारी ठेवावी." खाली झोकात सही केली आणि मोठ्या ऑफिसात गेलो. राव अर्ध्या दिवसाची रजा घेऊन धोब्याकडून कोट आणायला गेले.

सकाळी पाहतो तर सगळे खांब काळेभोर, लकाकणारे. गोपुर नाही, किल्ला नाही, मासा नाही. मी डांबर लावणाऱ्या मिस्त्रीची गचांडी धरली. तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे खिशातून माझीच नोटीस काढून मला दाखवली.

तेवढ्यात राव आले, कडक इस्त्रीचा कोट घालून, सगळी बटणं लावून. मदुरेच्या खांबापाशी थांबले. जिथं गोपुर होतं तिथं हात ठेवला. तळवा काळा झाला. मी माफीचा शब्दही काढला नाही.

साहेब आले. "चित्रं कुठं आहेत?"

त्यांनी काळ्या खांबांवरून नजर फिरवली.

"हे डांबर कुणाच्या सांगण्यावरून लागलं?"

मी बोलणारच होतो. निदान इतकी वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलोय. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, आणि जीभ उचलायला मला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात राव पुढे झाले. "मीच सांगितलं, सार. सवयीनं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

साहेब गेल्यावर मी रावांवरच खेकसलो, "कशाला खोटं बोललात?" ते रुमालानं तळवा पुसत होते. "माझे दोन महिने हेत. तुमची नोकरी अजून पुढे हे."

दोन महिन्यांत राव निवृत्त झाले, त्यानंतर शेड पाडली, खांब लाकूड कापायच्या गिरणीत गेले. मी साहेबाला शिव्या दिल्या, मिस्त्रीला दिल्या, रावांसारख्या भल्या माणसालाही मनातल्या मनात दिल्या. पण तपासणीच्या वहीत साहेबांनी त्या दिवशी स्वच्छ लिहून ठेवलं होतं की चित्रं टॅलीबाबूच्या सांगण्यावरून डांबराखाली गेली. म्हणजे बापाची चित्रं मुलानं घालवली. ती वही पुढे चार वर्षं माझ्याच टेबलाच्या खणात होती, आणि मी त्यात एक ओळही दुरुस्त केली नाही.