सालीतलं जहर

शेगावला लॉजखालच्या खानावळीतला आचारी रोज भिजवलेला राजमा चोळून त्याची साल न् साल काढतो. प्रत्येक दाणा नखाने तपासतो, जणू दाण्यानेच काही चोरलंय.

"जहर सालीत राह्यते, सर. साल गेली का जहर गेलं."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. त्याला सांगितलं, ते जहर म्हणजे लेक्टिन, आणि ते मुख्यतः आतल्या दोन्ही डाळींत असतं; राजमा खळखळ उकळल्याशिवाय जात नाही.

"हाव सर," म्हणाला आणि गॅस बारीकच ठेवला.

काल माझ्यापुढे राजम्याची वाटी ठेवून तो स्वतः भाकर-ठेचा घेऊन बसला.

"तुम्ही काऊन नाही खात?" मी विचारलं.

"मले सोसत नाही," तो खाली बघत म्हणाला. "साल काढून बी."

मी वाटी बाजूला सारली. त्याने ती उचलली आणि शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकापुढे ठेवली.