टिळकवाडीला गेलेला हुंकार

अशी जवळ ये बघू. कागदावर लिहिते आहे म्हणून काय झालं, माणूस जवळ बसल्याशिवाय मला सांगता येत न्हाय. आणि कानातली ती वायर काढ आधी. कॉलेजच्या रेडिओत शिरल्यापासून तुझे कान कायम दुसऱ्यांना दिलेले. आज्जीचा फोन आला की "रेकॉर्डिंग चाललंय" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. हे वळण मी लावलं न्हवतं तुला.

विसरली असशील तर सांगते. तू माझ्या लेकाची लेक. निपाणीजवळच्या आपल्या गावात माझ्या मांडीवर वाढलीस. शिकायला म्हणून बेळगावला गेलीस आणि टिळकवाडीत तुझ्या आईच्या आईकडं राहिलीस. माझ्या विहीणबाई त्या. जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी. घर टापटीप, बोलणं त्याहून टापटीप. हल्ली तू "आमच्या घरी" म्हणालीस की मला विचारावं लागतं, "कुठल्या गं?"

तुमचा तो रेडिओ पोराटोरांनीच चालवायचा, चालवता चालवता शिकायचं. आवाज म्हणे कॉलेजच्या आसपासच पोचतो. टिळकवाडीत अगदी स्वच्छ ऐकू येतो. इथं मी ट्रान्झिस्टर परसात नेला, माळवदावर नेला, नुसती खरखर. म्हणजे लहरीसुद्धा विहीणबाईंच्याच बाजूच्या!

मग मुलाखत घ्यायला शिकायचं निघालं आणि प्रत्येकानं घरातलं एक वडीलधारं माणूस आणायचं ठरलं. तू मला बोलावलंस. मला, बरं का. मी ठेवणीतलं इरकल नेसून आले. विहीणबाई आल्या त्या नुसत्या सोबतीला.

ती खोली मला अजून दिसते. भिंतींना गाद्या लावलेल्या, मधे काच, काचेपलीकडं तुझ्या मैत्रिणी. तू माइक माझ्या तोंडापुढं ओढलास आणि म्हणालीस, "आज्जी, म्हशीची गोष्ट सांग. मी मधी कायबी बोलणार न्हाय, नुसती मान हलवणार. माझा आवाज आला तर तो कापत बसावं लागतं."

म्हशीची गोष्ट तुला पाठच. माझं माहेर कागलकडं. लग्नात आप्पांनी मला म्हैस दिली. सासरी येऊन चार दिवस झाले न्हाईत तोवर दावं तोडून ती माहेरी पळाली. म्हैस गेली, मी राहिले. लहानपणी तू रोज मागायचीस ही गोष्ट. निजताना सांगायला लागले की "हुं, हुं" करायचीस. आपल्यात गोष्टीला हुंकार लागतोच. तुझा हुंकार थांबला की पोरगी झोपली असं समजून मी गोष्ट तिथंच सोडायची. इतकी वर्षं ती सवय.

आता त्या खोलीत मी म्हटलं, "मला सासरी धाडलं तेव्हा..." आणि थांबले. तू मान हलवलीस.

"ऐकतीयास न्हवं?"

तू पुन्हा मान हलवलीस. काचेपलीकडं पोरी हसल्या. मी नेटानं म्हशीला पार वेदगंगेच्या काठापर्यंत आणलं, पण तुझं तोंड मिटलेलं.

"अगं, हुं म्हण की!"

तू ओठावर बोट ठेवलंस. आज्जीपुढं, ओठावर बोट! मग मला पुढचं काय आठवेना. म्हैस तिथंच काठावर उभी राहिली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बोलून बघू का?"

विहीणबाई माझ्याच खुर्चीत बसल्या. त्यांना काय, वर्ग गप्प बसलेला असला तरच बोलायची सवय. कणकुंबीला त्यांचं माहेर. शाळेच्या वाटेवर पायाला जळवा कशा चिकटायच्या आणि तंबाखू लावून कशा सोडवायच्या, सगळं सलग सांगितलं. अगं, पण ती तंबाखू कुठली? आमच्या निपाणीचीच ना? ते न्हाय सांगितलं!

कार्यक्रम त्यांचा लागला. टिळकवाडीत शेजारणींना बोलावून शिरा केला म्हणे. फोनवर मला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचीही गोष्ट छान होती हो. पुरी झाली असती तर." बोलण्यात कशी साखर, आणि साखरेत कसा खडा!

तू ते रेकॉर्डिंग मला मोबाईलवर पाठवलंस. ऐकायचं न्हाय असं ठरवून मी ऐकलं. जळू बोटाच्या बेचक्यात शिरते त्या जागी मधेच एक बारीक आवाज आला. "हुं."

पुन्हा लावलं. पुन्हा "हुं." तुझाच. हजार माणसांत ओळखीन मी तो.

मी लगेच फोन लावला. "मला ओठावर बोट आणि त्यांना हुंकार व्हय गं?"

"आज्जी, चुकून निघालं ते. सरांनी मार्क कापले त्याचे."

मार्क कापले ते बरंच झालं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण चुकून निघालं हेच जास्त लागलं. ठरवून दिला असतास तर सोसलं असतं. चुकून निघतो तो हुंकार आतून आलेला असतो.

"आणि सवय लावली कुणी?" तू वर मलाच म्हणालीस. "तूच की."

त्यावर मी फोन ठेवून दिला. मी लावलेली सवय, आणि गेली टिळकवाडीला! माझ्या हातच्या भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढल्यासारखं झालं मला. अजून तसंच वाटतंय. विहीणबाईंना हे वाचून दाखवलंस तरी चालेल. न्हाय, नको दाखवू.

एवढंच सांगायचं होतं की म्हैस अजून वेदगंगेच्या काठावर उभी आहे. तिला पलीकडं न्यायचं तर समोर हुंकार देणारं माणूस हवं, मान हलवणारं न्हवं. तेव्हा ये लौकर. या रविवारीच ये. मशीन आणू नको, विहीणबाईंनाही आणू नको. म्हशीला एकटीला नदी ओलांडून माहेर सापडलं. तुला तर बेळगावहून निपाणीपर्यंत सरळ बस आहे.