मिचिको-सानच्या गॅरेजातले शनिवार

आमच्या शनिवारच्या क्लासमधली चित्रं आमच्या घरच्यांनीसुद्धा धड बघितलेली नाहीत. पण तिथले किस्से मात्र पार पिस्कॅटवेच्या मराठी घरांपर्यंत पोचलेत! कुठल्याही पॉटलकच्या जेवणाला गेलं की कुणीतरी विचारतंच, “काय गं, तुमच्या जपानी बाई काय म्हणतात?” मग एक सांगितला की दुसरा आठवतो, आणि माझ्या ताटातला भात गार होतो.

क्लास भरतो न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, मिचिको-सानच्या गॅरेजात. बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे वडील क्योतोत घडी घालून उभे करायचे कागदी पडदे रंगवायचे. त्यांच्याकडे बाई शाई आणि सोन्याच्या वर्खाचं काम शिकल्या, मग इथे येऊन कॉलेजात ऑइल पेंटिंग. आता दोन्ही एकाच कॅनव्हासवर करतात. म्हणजे कालव्याकाठचं झाड ऑइलमध्ये, सालीच्या भेगांसकट, आणि झाडामागे नुसतं सोनं. आकाश नाही, ढग नाहीत, काही नाही.

विद्यार्थी आम्ही चार. मी पुण्याची, आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्ट करते. समीर ठाण्याचा, व्हिसावर आलेला. आणि वझलवार काका-काकू. काका मूळचे नागपूरचे, आयुष्यभर पूल बांधून रिटायर झालेले. काकूंना डायबेटिस, आणि गेली तीन वर्षं विसरायला होतं. घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून काका त्यांना सोबत आणतात. त्या खिडकीशी खुर्चीत बसतात. मनात आलं तर रंगवतात, नाहीतर आमच्याकडे बघत राहतात.

*

पहिल्याच दिवशी मी काकांना समजावलं, “काका, त्यांना नुसतं मिचिको म्हणायचं नाही. जपानीत आदराने नावापुढे ‘सान’ लावतात.”

काका सहा फूट. बाई जेमतेम पावणेपाच. काकांनी वरून खाली पाहिलं. “बरोबर आहे ना बाप्पा! सानच आहेत!”

बाईंनी अर्थ विचारला. मी घाबरत सांगितलं की मराठीत सान म्हणजे लहान. बाईंनी मान मागे टाकून काकांना टाळूपर्यंत न्याहाळलं. त्या दिवसापासून त्या त्यांना ‘काका-सान’ म्हणतात!

*

एकदा कॅनव्हासला सोन्याचा वर्ख लावायचं काम चाललं होतं. बाईंनी बजावलं होतं, खिडकी बंद, पंखा बंद, श्वाससुद्धा बेताने. वर्ख इतका पातळ असतो की बोललं तरी उडतो. आम्ही सगळे गप्प.

आणि काकांना शिंक आली!

वर्ख उडाला, हवेत गिरकी घेतली आणि बरोबर काकांच्या टकलावर जाऊन बसला. “हलू नका!” बाई ओरडल्या. आम्हाला वाटलं, आता चिमट्याने काढणार. त्यांनी स्केचबुक घेतलं आणि वीस मिनिटं काकांचं चित्र काढत बसल्या.

खिडकीशी बसलेल्या काकूंनी विचारलं, “अहो, इतकं नटून कुठे निघालात?”

*

बाई स्वतःबद्दल फार बोलत नाहीत. पण एकदा समीरने विचारलं, “तुम्हाला दोन्ही जमतं, मग लोकांना दुप्पट आवडत असेल ना?”

बाई हसल्या. म्हणाल्या, कॉलेजात पहिलं चित्र दाखवलं तर प्रोफेसर म्हणाले, “अर्धा कॅनव्हास रिकामा का सोडलास? पूर्ण कर आधी.” तेच चित्र घेऊन त्या क्योतोला गेल्या. वडिलांनी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, “याला लोण्याचा वास येतो.” जपानमध्ये परदेशी थाटाच्या गोष्टीला असं म्हणतात. वडील त्या चित्राबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

मला पुण्यातली माझी मावशी आठवली. दर वेळी दार उघडताना म्हणते, “या, अमेरिकन पाहुण्या!” आणि ऑफिसात एखाद्या मीटिंगला मी नसले की म्हणे विचारतात, “आपली इंडियावाली कुठे गेली?”

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “लोणी ताजं असलं तर वास छानच येतो की!”

मी भाषांतर केलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मला ‘लोणी’ हा शब्द मराठीत लिहून द्यायला सांगितला आणि तो कागद गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला. आजही आहे.

*

हा बाईंनीच सांगितलेला, क्लासच्या आधीचा. न्यूयॉर्कच्या एका गॅलरीवाल्याने बाईंची पाच चित्रं ठेवून घेतली होती. महिन्याभराने त्याचा फोन. “काम सुंदर आहे, पण जरा जपानी दिसायला हवं. एखादा किमोनो वगैरे टाकता येईल?”

बाईंनी किमोनो टाकला. जुन्या डच पोर्ट्रेटसारखं गंभीर, काळसर चित्र केलं. कपड्याची सुरकुती न् सुरकुती खरी, आणि किमोनोत खुद्द गॅलरीवाला!

आम्ही टाळ्या वाजवल्या. “मग? चिडला का तो?”

“छे! खूश झाला. ते घरी लावलं. आणि माझी पाच चित्रं परत पाठवली.”

त्यानंतर वर्षभर बाईंनी ब्रश धरला नव्हता. मग एक दिवस गॅरेज झाडून काढलं आणि लायब्ररीच्या बोर्डावर क्लासची चिठ्ठी लावली.

*

समीरला लेऑफ मिळाला तो आठवडा वाईट होता. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर सामान बांधायचं. तरी शनिवारी आला. दोन तास कोऱ्या कागदासमोर बसला, एका कोपऱ्यात शाईची एक बारीक रेघ ओढली आणि ब्रश ठेवला.

“सॉरी,” तो म्हणाला, “आज काहीच सुचलं नाही.”

बाई बराच वेळ कागद बघत होत्या. “तू पहिल्यांदाच घाईघाईने भरून टाकला नाहीस. हे तुझं सगळ्यात चांगलं चित्र.” आणि स्वतः फ्रेम करून दिलं.

समीरला शेवटच्या आठवड्यात पार ॲरिझोनात, चँडलरला नोकरी मिळाली. तिथल्या हॉलमध्ये त्याने ते लावलंय. परवा फोनवर सांगत होता, “यार, आई दर व्हिडिओ कॉलला विचारते, ‘फ्रेम आणलीस ते बरं केलंस. फोटो कधी लावणार?’”

*

आणि हा या एप्रिलमधला, समीर गेल्यानंतरचा.

काकांनी बाईंना जरा अवघडत विचारलं होतं, “हिचं चित्र काढाल? अजून हसते, तोवर.” बाई चार शनिवार काकूंसमोर बसल्या. कॅनव्हासची पाठ आमच्याकडे. काकू मजेत गप्पा मारायच्या, मराठीत. बाई मान हलवायच्या.

चौथ्या शनिवारी बाईंनी ईझल फिरवलं. काकूंचा चेहरा ऑइलमध्ये, डोळ्यांखालच्या रेषा, कुंकू, गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा स्वेटर. बाकी सगळीकडे सोनं. काका बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

मग त्यांनी काकूंना हात धरून समोर आणलं. काकूंनी चित्राकडे पाहिलं, स्वतःचे केस सारखे केले आणि काकांना हलक्या आवाजात दटावलं, “अहो, या बाई केव्हाच्या आल्यात? उभं काय ठेवलंय त्यांना? बसायला सांगा. मी चहा टाकते.”

बाईंनी मला विचारलं, “काय म्हणाल्या?” मी कसंबसं सांगितलं.

बाईंनी हात पुसले. स्वतःचं स्टूल ओढत आणून चित्रासमोर ठेवलं, किंचित वाकल्या आणि आमच्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, “बसा.”

काकू कोपऱ्यातल्या शेगडीकडे गेल्या. कपाटातून कप काढले. बाई, काका, मी, स्वतः आणि एक पाहुणी, असे पाच, बरोबर मोजून. पाणी उकळलं, पावडर पडली. मग त्यांनी साखरेचा डबा उघडला आणि मागे वळून पाहिलं.

काका म्हणाले, “पाहुण्यांच्या चहात साखर नको घालूस. डायबेटिस आहे त्यांना.”