देवमाशाच्या डोळ्यापाशी

आमच्या आंजी गावच्या शाळेतल्या देवमासे गुरुजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. फार तर नागपूरपर्यंत गेले असतील. पण देवमाशाविषयी असं बोलायचे, जणू कालच्या बाजारात तो भेटला होता. त्यांचं खरं नाव गावात कोणी घेतच नसे.

त्या माशाच्या अंगावरची ऊ सांगितल्याशिवाय त्यांचा देवमासा पुरा होत नसे. "नाव ऊ, पण गोत खेकड्याचं. तुरीच्या दाण्याएवढी! तू ऊ असता, त तुहा देवमासा पार नाल्यापलीकडं, अर्धा कोस लांब असता. अन् गंमत पाय, जन्म समुद्रात, पण पोहता येत नाई तिले. नख्या रुतवून धरून राह्यते. सुटली का मेली."

मी सातवीत असताना शाळेवर डिप्टीसाहेबांची तपासणी आली. गुरुजींची नोकरी कच्ची. साहेबांच्या शेऱ्यावर ती पक्की व्हायची होती. आणि नेमक्या त्याच सकाळी, भिंतींना लावायला आणलेला सगळा चुना त्यांनी मैदानावर ओतला. बैलाच्या कासऱ्यानं मोजून पन्नास फुटांचा देवमासा काढला. रेषेवर पोरं उभी केली, मला डोळ्यापाशी. हातात तुरीचा एक दाणा दिला. "तू ऊ."

हेडमास्तर रिकामी बादली बघून हादरले. "अहो, भिंती?"

"भिंती साहेबानं लय पाह्यल्या असतीन," गुरुजी म्हणाले. पण धोतराच्या सोग्यानं घाम पुसत होते.

साहेब थेट माझ्यापाशी आले. "हे काय?"

"ऊ, साहेब."

मागे कोणीतरी खिदळलं. साहेब हसले नाहीत. "समुद्रात राहते ना? मग पोहते कशी?"

उत्तर मला पाठ होतं. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मुठीला घाम सुटला आणि दाणा निसटून चुन्यात पडला.

"ऊ बोलत नाई, साहेब," गुरुजी हसून म्हणाले. "पोरगं बरोबरच करून राह्यलं."

साहेबांनी कळकट भिंतींकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

महिन्याभरात गुरुजींची नोकरी गेली. मोटार थांबायची तिथवर मी त्यांची पेटी नेली. माफी मागायची होती. मी पेटीच टपावर चढवून दिली. मोटारीत चढताना त्यांनी खिशातून एक चुना लागलेला दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "तुहा पडलाता. जपून ठेवजो."

त्याच साली माझी शाळा सुटली. पुढे पोटासाठी फिरत फिरत विशाखापट्टणमच्या बंदरात खलाशांच्या भरतीला उभा राहिलो. समोर पहिल्यांदाच समुद्र. इथं नकार मिळाला तर परतीच्या तिकिटालाही काही नव्हतं.

मुकादमानं विचारलं, "तैरना आता है?"

मी खिशातला दाणा चाचपला.

"नहीं," मी म्हणालो. "पर पकडके रहना आता है."

त्यानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि एक जाड दोर त्यांत दिला. मी तो धरला.

गुरुजी, तुम्ही कुठे आहात ठाऊक नाही. उत्तर बरोबर निघालं. फक्त साहेब दुसरा होता.