तळपायाची ऊब मोजणाऱ्या शशिकलाबाई

डॉ. शशिकलाबाईंची आणि माझी पहिली भेट एका लोखंडी टेबलामुळे झाली. बोईसरला माझं वेल्डिंगचं लहानसं वर्कशॉप नुकतंच सुरू झालं होतं आणि बाईंच्या प्रसूतिगृहाचं टेबल करायचं काम मला मिळालं होतं. टेबल पोचवलं, तर बाईंनी चप्पल काढली, पदर खोचला आणि आम्हा सगळ्यांदेखत त्यावर आडव्या झाल्या. आम्ही माना खाली घातल्या. वरून आवाज आला, "मिस्त्री, इथून मला रस्त्यावरची टपरी दिसते. म्हणजे टपरीवरच्यांना मी दिसणार." त्याच दिवशी टेबल फिरवलं आणि दारात पडद्यासाठी सळई बसली.

पालघरहून तपासणीला साहेब यायचे. भिंतीचा रंग, खाटा, बाळंतपणांचा आकडा पाहून चांगला शेरा मारून जायचे. बाईंना तेवढं पुरत नसे. त्यांची मापं निराळी. प्रत्येक तान्ह्याच्या तळपायाला त्या बोटांची मागची बाजू लावून पाहत; पाय गार लागले तर आधी बाळ आईच्या छातीशी, मग बाकीची चौकशी. माझ्या कामगारांच्या बायका उत्तरेकडच्या, घुंघट ओढून गप्प पडून राहायच्या. त्यांना विचारत, "दर्द कम है, या सिर्फ चुप हो?" आणि सगळ्यात मोठं माप म्हणजे, एकदा येऊन गेलेली बाई दुसऱ्या खेपेला येते का.

किनाऱ्यावरच्या दांडी गावाच्या बाबतीत मात्र बाई स्वतःला नापास करत. तिथल्या बायका येतच नसत. दांडीहून मासळी घेऊन बाजाराला येणाऱ्या जानकीआजींच्या सुनेचं पहिलं मूल घरच्या बाळंतपणात गेलं होतं. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते आणि आजी तिला आणायला तयार नव्हत्या. बाईंनी एका दुपारी आजींनाच बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुम्हीच बघा आणि आमचं कुठे कमी पडतं ते सांगा. मी तिथेच खिडकीची कडी दुरुस्त करत होतो. कान माझे जन्माचे तिखट.

गिऱ्हाईक मासळीचा कल्ला उघडून बघतं, तसं आजींनी टेबल, नळ, पडदा हात लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "समदा चकाचक हाय, बाय. पन माझी सून वरडली त तिचा हात कोन धरील? मला त तुमी भायेर काढाल."

घरचं माणूस आत घ्यायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. "तुम्ही आत बसा, सुनेच्या उशाशी," त्या म्हणाल्या. "पण बाळाला जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची नाही."

आता बाळाला लगेच ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, ही आपल्याकडची रीत. आजी हटून बसल्या. न्हाणं नाही तर निदान ओला हात. तोही नाही तर संध्याकाळी तरी. बाजारात आजींकडून पापलेटाचा भाव पाडून घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या दुपारी बाई मात्र तसूभर हलल्या नाहीत. "ओल्या अंगाची ऊब जाते, आजी. कोरडं पुसायचं आणि आईच्या कुशीत द्यायचं."

शेवटी आजी म्हणाल्या, "बरा. मी आत, पानी भायेर."

मी आजींच्या स्टुलासाठी उशाशी जागा मोजायला लागलो.

सून आली, सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. नातलग ऊन पाण्याचं भांडं घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा स्टुलावरून आजींनीच त्यांना परतवलं, "पानी मागं न्या. बायला जबान दिलीय." सकाळी बाई तळपाय बघायला वाकल्या, तर आजींचा हात आधीच तिथे होता. "गरम हाय," आजी म्हणाल्या, "आता लिवा तुमच्या कागदाव."

पुढे दांडीहून, मग जवळच्या घिवली गावाहूनही बायका येऊ लागल्या. तीच सून दुसऱ्या खेपेला आली, त्या दिवशी बाईंनी पेढे वाटले. साहेबांच्या शेऱ्यांवर कधी वाटले नव्हते.

बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. बाई, आजवर तुम्ही या भागातल्या लेकरांचे तळपाय पाहिलेत. पुढची पुष्कळ वर्षं तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि तुमचेही तळपाय असेच उबदार राहोत. साठीच्या सत्काराला जानकीआजी येणार आहेत. स्वतः हात लावून बघितल्याशिवाय त्या काही मानायच्या नाहीत.