माझा हात राखणाऱ्या अत्तार सिस्टर

श्रीमती जमिला अत्तार यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांच्याकडे धड पाहताही आलं नव्हतं. मी पिकअपच्या पुढच्या सीटवर होते. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता आणि टॉवेल लाल झाला होता. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सेवेविषयी डॉक्टर मंडळी आणि सहकारी परिचारिका अधिकाराने लिहितील. मी लिहिते आहे ती त्यांची एक पेशंट म्हणून.

मी महाळुंगे पडवळची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, मी गाईंसाठी मक्याची कुट्टी करत होते. कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडाशी मक्याचं एक ताट अडकलं. ते पुढे सारताना ओढणी मशीनमध्ये गेली आणि तिच्यासकट हातही. सासूबाईंनी धावत येऊन बटण बंद केलं, म्हणून मनगट तरी वाचलं.

शेजारच्या रामभाऊंनी पिकअप काढली. यजमान गोंधळलेले, सासूबाई रडत होत्या. "सरकारीत कोण बघतंय राव? सरळ पुण्याला हाणू," असं रामभाऊ सारखं म्हणत होते. आमच्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी गाडी थांबली, तीही काय करायचं ते ठरवण्यापुरतीच. तेवढ्यात आतून एक सिस्टर जवळजवळ धावतच आल्या. खिडकीतून त्यांनी टॉवेल पाहिला आणि सरळ दार उघडलं.

"पुण्याला न्यायचं तर न्या, भाऊ. पण आधी बाईंना खाली घ्या. रक्त थांबू द्या."

"उशीर व्हईल सिस्टर," रामभाऊ म्हणाले.

"अशाच नेल्यात तर पोचेपर्यंत बाईंचं काय व्हईल? उतरवा."

मी शिक्षिका आहे हे यजमानांनी सांगितलं होतं. टेबलावर घेतल्यावर सिस्टरांनी माझा हात उंच धरून पट्टीने घट्ट दाबला. "मॅडम, हाताकडं नका बघू. माझ्याकडं बघा. कितवीला शिकवता?" मी चौथी म्हणाले. "सध्या काय चाललंय?" भागाकार. "मग मला शिकवा. मला कधीच आला नाही." डॉक्टरसाहेब जखमेत काम करत होते आणि मी दातओठ खात बाकी कशी उरते ते सांगत होते. वेदनेने शब्द तुटला की सिस्टर म्हणायच्या, "हं, मग पुढं?"

हाताला सूज चढू लागली होती. त्यांनी बांगड्या आणि अंगठी कापायला घेतली तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. "हिरव्या बांगड्या कापू नका वो, सणाच्या दिसांत!" सिस्टर त्यांच्यावर चिडल्या नाहीत. एका हाताने माझा हात तसाच धरून दुसरा त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला. "आई, सुनेला घरी आणाल तेव्हा कासाराला बोलवा. मीही येते बांगड्या भरायला." सासूबाई पदराने डोळे पुसत बाजूला सरल्या.

पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आमची ॲम्ब्युलन्स पोचली तेव्हा दारात स्ट्रेचर तयार होतं. सिस्टरांनी मागून फोन करून सगळं कळवलं होतं, हे मला नंतर समजलं. करंगळी वाचली नाही. मधलं बोट आणि अनामिका तिथल्या डॉक्टरांनी तारा घालून जोडली. त्या सर्जनांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर ड्रेसिंग अत्तार सिस्टरांकडेच असे. त्यांची जीभ तिखट होती, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सर्वांना ठाऊक आहे. एकदा बेल्ह्याच्या बैलबाजारातून एक व्यापारी पाय चेपलेल्या अवस्थेत आले. बैलाने पाय दिला होता. ते ओळखी सांगत रांग तोडून आत घुसले. "पावणं, तिथं बाकावर बसा. या आजींचं भाजलेलं आहे, आधी त्या," सिस्टरांनी सुनावलं. ते बडबडत बसले. त्यांची पाळी आली तेव्हा ह्याच सिस्टर जमिनीवर मांडी घालून त्यांचा चिखलाचा पाय मांडीवर घेऊन हळूहळू धुत होत्या आणि झोंबेल म्हणून फुंकर घालत होत्या. त्या माणसाला मान वर करवेना.

तारा निघाल्या, पण बोटं वळेनात. दुखायचं म्हणून मी व्यायाम टाळू लागले. खरं तर त्या हाताकडे बघायचीच मला भीती वाटत होती. तो पदराखाली झाकून बसायचे आणि शाळा सोडायचा अर्ज करावा असं मनात घोळायचं. हे सासूबाईंनी सिस्टरांच्या कानावर घातलं असावं. सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने आमच्या घरी आल्या आणि थेट स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"भूक लागलीय. तुमच्या हातची भाकरी खाईन."

"सिस्टर, मला थापता नाही येणार."

"मग मी उपाशी जाते."

मी पीठ मळायला घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. बोटं ताठ, पिठात खुपत होती. त्या नुसत्या बघत बसल्या. मदत केली नाही, शाबासकीही दिली नाही. वेडीवाकडी, एका बाजूला फाटलेली भाकरी तव्यावर पडली. ठेच्याबरोबर त्यांनी ती सगळी खाल्ली आणि म्हणाल्या, "कडा कच्च्या राहिल्यात. उद्या नीट भाजा." मी रडता रडता हसले. त्या दिवसापासून रोज भाकऱ्या मीच थापल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी फळ्यावर खडूने तारीख लिहिली. अक्षर बिघडलं होतं, वाचता मात्र येत होतं.

निवृत्तीनंतरही जुन्नरच्या त्यांच्या घरी कोणी ना कोणी जखम दाखवायला येतच असतं. आता त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली आहे. सारी नोकरी त्या उभ्याच होत्या. लवकरच एका गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे, आणि ती सरकारी रुग्णालयातच करायची असा त्यांचा हट्ट आहे. सोबतीला मी राहणार आहे. त्यांनी आधीच बजावलं आहे, "कौतुक करत बसू नका. मला चालवा. मी शिव्या दिल्या तरी चालवा."

सिस्टर, तुम्हाला आम्ही चालवू. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. दुखलं की खुशाल ओरडा. आम्ही म्हणू, "हं, मग पुढं?"