अकिन्यीबाई मैदान सोडत नाहीत

अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या आम्हा चाळिशीतल्या मराठी बायकांना फुटबॉल शिकवायला अकिन्यी ओदुओर तयार झाल्या, तेव्हा पहिला घोळ हाक मारण्यावरून झाला. 'कोच' म्हटलं की आमच्या गोलकीपर सुलभाकाकूंना रेल्वेचा डबा आठवायचा. मग शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणायला लागलो. एकदा त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "शिक्षिका. आणि स्त्रीसुद्धा." त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "मग हेच म्हणा. दुसरं काही म्हणू नका."

त्या का हसल्या ते पुढे कळलं. बाई केनियातल्या किसुमूच्या. भावांबरोबर खेळतच वाढल्या आणि एकविसाव्या वर्षी देशाच्या संघात मिडफिल्डर झाल्या. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, बाईंचे कधी आले नाहीत. समोरच्यांचा चेंडू हिसकावून आपल्या माणसाला द्यायचा, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, धरणारं कोणी नव्हतं. सहा फूट उंची, रुंद खांदे, घोगरा आवाज. चोविसाव्या वर्षी एका परदेशी स्पर्धेत हरलेल्या संघाने तक्रार केली की ही पुरुष आहे. आयोजक म्हणाले, तपासणी करून घ्या. बाईंचीच कर्णधार म्हणाली, करून टाक ना, काय बिघडतं? बाईंनी बॅग उचलली आणि निघून आल्या. देशाच्या संघाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. पुढे बहिणीपाठोपाठ त्या अमेरिकेत आल्या. आता विमानतळावर सामान चढवतात आणि रविवारी आमच्यावर ओरडतात.

मागच्या महिन्यात आमच्या लीगची मॅच होती. नेत्राचा पाय मुरगळला आणि आमच्याकडे राखीव कोणी नव्हतं. लीगमध्ये कोचलाही खेळता येतं, म्हणून बाई स्वतः उतरल्या. बघता बघता खेळ फिरला. समोरच्या संघाची मॅनेजर तरातरा पंचाकडे गेली. पंच अवघडून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "यांना डॉक्टरचं पत्र आणावं लागेल. तोवर बाहेर."

आम्ही व्हिसावर मुरलेली माणसं. कोणी एक कागद मागितला तर तीन देतो, वर थँक यू म्हणतो. नेत्राचा नवरा अंकुर लगेच म्हणाला, "यार, एक लेटर सबमिट करू, मॅटर क्लोज. आपण फिंगरप्रिंट्स नाही का देत?"

माझं डोकंच फिरलं. "अंकुर, तू पुरुष असल्याचं लेटर कधी सबमिट केलंस रे?"

बाईंना मराठी कळत नाही, पण 'लेटर' कळलं होतं. त्या पंचाला म्हणाल्या, "मी तुम्हाला काहीही दाखवणार नाही."

सुलभाकाकूंनी हातमोजे काढून फेकले. "चला गं सगळ्या! असल्या लोकांशी खेळायचंच नाही. बॉयकॉट!" आम्ही तावातावाने बॅगा उचलल्या. खरं सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

"बॅगा खाली ठेवा!" बाई गरजल्या. अख्खं मैदान वळून बघायला लागलं. "मी एकदा अशीच ताठ मानेने निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी खेळली. आणि बावीस वर्षं लोक म्हणताहेत, बघा, पळाली. म्हणजे काहीतरी होतंच!" त्यांनी समोरच्या संघाकडे बोट दाखवलं. "जायचं असेल तर त्यांनी जावं."

आणि त्या चेंडू घेऊन मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही बॅगा टाकून आपापल्या जागेवर गेलो. काकू पुन्हा हातमोजे चढवत गोलमध्ये. नेत्राही लंगडत आली.

पंच म्हणाला, "तुम्ही हरलात असं लिहावं लागेल."

"लिहा," बाई म्हणाल्या. "अकिन्यी ओदुओर खेळत होती, हेही लिहा."

त्याने मैदान रिकामं करायची शिट्टी वाजवली. आमच्यातली एकही हलली नाही. बाईंनी चेंडू माझ्याकडे ढकलला.

"यामिनी, खाली काय बघतेस? डोकं वर! पुढे दे!"

शिट्टी पुन्हा वाजली, या वेळी जोरात. मी चेंडू पुढे दिला.